उजवी खुर्ची

दोन पत्रं आली एकाच आठवड्यात.
एक ऑस्लोचं, जाड कागदावर :
जेट मिळेल, यादीत नाव आहे, दोन वर्षं थांबा.
दुसरं पातळ, देशाच्या पार उत्तर टोकाहून :
पंख्यांचं विमान, एकोणचाळीस आसनं,
सोमवारी हजर व्हा,
लोकरीचे मोजे स्वतःचे आणा.

एस्किल म्हणाला, पायरी आहे ती, युरून.
पायरीवर कुणी बिऱ्हाड थाटत नाही.
तास भर आणि नीघ.
त्यानं स्वतः लाइपझिग धरलं, रात्रीची मालवाहू विमानं.
पार्सलं बोलत नाहीत, हे त्याला आवडलं.

मी कर्जाचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली,
रेघेखाली लिहिलं : पंधराशे तास.
पातळ पत्रावर सही केली.
खोटं कशाला सांगू, उत्तरेवर माझं प्रेमबिम नव्हतं.

बर्लेवॉगची धावपट्टी जेमतेम नऊशे मीटर.
एका अंगाला समुद्र,
दुसऱ्या अंगाला थोडी दगडं आणि मग तोच समुद्र.
पहिल्या हिवाळ्यात वारा आडवा आला,
मी विमान खेकड्यासारखं तिरकं धरून खाली आणत होते,
दात आवळून.
डाव्या खुर्चीतून टूरमूड एवढंच म्हणाला,
"त्याच्याशी भांडू नकोस. त्याला सांग, तू कुठे चालली आहेस."
उतरल्यावर त्यानं थर्मासमधून कॉफी दिली, अर्धा कप.
पूर्ण कप मिळायला चौदा महिने लागले.

एस्किल रात्रीत एकदा उतरतो.
मी दिवसात आठदा.
चाकं वर, यादी वाच, चाकं खाली, यादी वाच,
मध्ये बारा मिनिटं अंधार, कारण सूर्य जानेवारीपर्यंत रजेवर.
संध्याकाळी हात थरथरतात
आणि वहीत जमा : एक तास छत्तीस मिनिटं.
मोठ्या कंपन्या तास मोजतात.
उतरणं मोजत नाहीत.

३अ म्हणजे बोर्गहिल्ड.
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
रक्त धुऊन घ्यायला किर्केनेसला.
मांडीवर पिशवी, पिशवीत विणकाम,
सहा महिन्यांत एकाच मोज्याची टाच.

त्या शुक्रवारी आम्ही दोनदा खाली गेलो.
दुसऱ्यांदा दिवे दिसले,
दिव्यांमागे टर्मिनलची खिडकी,
खिडकीत कुणीतरी उभं, हातात पिशवी.
मग वाऱ्यानं शेपूट धरून फिरवली.
टूरमूड म्हणाला, "परत."
मी इंजिनांना जोर दिला.

रात्री वही उघडली.
न उतरलेल्या फेरीचाही तास जमा होतो.
पूर्ण. नियमाप्रमाणे.
मी तो लिहिला,
अक्षर नीट आलं.

सोमवारी ती आली, बोटं सुजलेली,
अंगठी साबण लावून काढलेली.
माझ्या बाहीवरच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली,
"किती झाले?"
चौदाशे बारा.
"म्हणजे उन्हाळ्यात जाशील."
प्रश्न नव्हता तो.
तिच्या हिशेबात मी अठरावी,
आधीचे सतराही चांगले होते, एक तर गायचासुद्धा.

आता पुन्हा दोन पत्रं.
ऑस्लोला यादीत माझा नंबर लागला आहे :
मोठं जेट, उजवी खुर्ची.
इथं टूरमूडचे गुडघे मेमध्ये निवृत्त होताहेत,
डावी खुर्ची रिकामी.
एस्किलनं फोनवर विचारलं, यात विचार करण्यासारखं काय आहे?
मी म्हटलं, काही नाही,
आणि बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही.

आज सोमवार. वारा वायव्येचा, बावीस नॉट.
पत्रं पिशवीत, कॉफी कपात, दोन्ही गार.
विमानाच्या दारातून खाली सोडलेल्या जिन्यावर बर्फ धरलं आहे.
मीठ चालत नाही, धातू खातं.
म्हणून मी कुंचा घेऊन वाकले आहे,
एकेक पायरी खरवडते आहे,
तिसरी जरा जास्त,
तिथं ती दम खायला थांबते.